कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या वरच्या पत्र्याला पंख्यांची भोकं पाडायची आहेत: ड्रिल कुठलं, बिट कुठले?

नागपूर_एडिट

नमस्कार मंडळी. माझं कॅबिनेट 2014 सालचं मिड-टॉवर आहे. पत्रा व्हर्निअरने मोजला, 0.7 मिमी भरला. मागे एक 120 मिमीचा पंखा, पुढे एक, आणि वरची बाजू पूर्ण बंद. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. लग्नसराई ऐन एप्रिल-मेमध्ये, तेव्हा इथे बाहेर 45 अंश असतात आणि कूलर लावूनही खोली 34-35 च्या खाली येत नाही. रेंडर लावला की प्रोसेसर 92-93 वर जातो, मग स्वतःच वेग कमी करतो, आणि चार तासांचं काम सहा तासांवर जातं. बाजूचं झाकण काढून बघितलं तर तापमान 10 अंशांनी उतरतं, म्हणजे आत हवा कोंडते हे नक्की. पण झाकण उघडं ठेवलं की कूलरचा दमट वारा आणि धूळ थेट बोर्डावर.

म्हणून वरच्या पत्र्याला 120 चे दोन पंखे बसवायचे आहेत. शिवाय मदरबोर्डच्या ट्रेला मागून केबल घ्यायला दोन भोकं हवीत, आणि पुढचा हार्डडिस्कचा पिंजरा काढून टाकायचा आहे. तो रिव्हेटने बसवलेला आहे.

घरी भिंतीला भोकं पाडायची इम्पॅक्ट मशीन आहे, 13 मिमी चकची, आणि तिच्यासोबत आलेला भिंतीच्या बिटचा सेट. इतवारीत लोहाओळीत तीन दुकानं फिरलो. एक म्हणाला होल सॉ (दातेरी कडेची वाटी, गोल कापायला) घ्या, दुसरा म्हणाला रोटरी टूल (छोट्या चकत्या लावायचं हातातलं मशीन), तिसऱ्याने थेट 4 इंची ग्राइंडर काढून दाखवला. बजेट सहा हजार. नवीन कॅबिनेट घ्या असं कृपया सांगू नका. पहिल्या कमाईतून घेतलेलं आहे आणि आजच्या त्या किमतीच्या कॅबिनेटचा पत्रा बोटाने दाबला तरी वाकतो.

गुण्या

मी फिटर. आयटीआयला आमच्या बॅचमध्ये आम्ही दोघीच मुली होतो. तेव्हापासून आजवर भोसरीत टूलरूममध्येच आहे. घरातल्या आणि भावकीतल्या मिळून पाच कॅबिनेटचं पत्रेकाम मी केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मशीन सगळ्यात शेवटी ठरवा. आधी कागदावर भोकं लिहा. भोकांवरून बिट ठरतात आणि बिटवरून मशीन. तुमची यादी अशी होते: पंख्यांच्या स्क्रूची आठ भोकं 4.5 मिमीची, पंख्यांचे दोन गोल साधारण 114 मिमीचे, केबलची दोन, आणि रिव्हेट किती ते तुम्ही मोजा. आता बघा, यातलं एकही भोक भिंतीच्या बिटने होणार नाही. त्या बिटच्या टोकाला कार्बाइडची बोथट पाचर असते. ती विटेचा चुरा करते, पत्रा कापत नाही. तो सेट बाजूला ठेवा.

पातळ पत्रा जाड लोखंडापेक्षा अवघड असतो, हे आधी मनात पक्कं करा. 10 मिमीच्या साध्या ड्रिलचं निमुळतं टोकच जवळजवळ 3 मिमी लांब असतं. तुमचा पत्रा 0.7 चा. म्हणजे टोक पलीकडे गेलेलं असतं आणि धारेची पूर्ण रुंदी अजून पत्र्यात शिरलेलीही नसते. ड्रिलला मध्यावर धरून ठेवणारं काही उरत नाही. ते भटकतं, भोक तिकोनी होतं, आणि शेवटच्या क्षणी धार पत्र्यात अडकून पत्रा गरकन फिरतो. आपला दुसरा हात नेमका तिथेच असतो. म्हणून साधं एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) ड्रिल 5 मिमीपर्यंतच वापरा. त्याच्या वर स्टेप ड्रिल.

स्टेप ड्रिल म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा शंकू. तुम्हाला 4 ते 32 चा एक पुरेल. सोनेरी मुलाम्याला भुलू नका. दुकानात हातात घेऊन धारेवरून नख हलकेच आडवं ओढा, नखाचा पापुद्रा निघाला पाहिजे. आणि खोबणी शेवटच्या पायरीपर्यंत नीट घासलेली आहे का ते बघा. चांगला स्टेप ड्रिल पत्र्यात उतरला की आधी करकर आवाज येतो, मग आवाज मऊ होतो आणि दोन्ही बाजूंनी कुरळा कीस निघायला लागतो. हवा तो व्यास झाला की पुढची पायरी नुसती टेकवा, कडेची बर, म्हणजे उरलेले धारदार काटे, तिथल्या तिथे साफ होते. ती पायरी आत मात्र जाऊ द्यायची नाही. बिटवर हव्या त्या पायरीला मार्करने काळी रेघ मारून ठेवा, फिरतानाही दिसते.

केबलच्या भोकाचं माप डोळ्यांनी ठरवू नका, कनेक्टर मोजा. मदरबोर्डला वीज देणाऱ्या 24 पिनच्या कनेक्टरमध्ये एका ओळीत 12 पिना असतात, 4.2 मिमीच्या अंतराने, म्हणजे लांबी 51-52 मिमी. त्याला 32 ची दोन भोकं शेजारी पाडून मधला पत्रा कापून लांबट करावं लागतं. प्रोसेसरच्या 8 पिनवाल्याला 25 चं एक भोक खूप झालं.

आता वेग. कारखान्यात आम्ही एकच सूत्र वापरतो: 1000 गुणिले कटिंग स्पीड (बिटची धार धातूवरून सरकते तो वेग), भागिले पाय गुणिले व्यास. साध्या पोलादाला एचएसएस बिटने कटिंग स्पीड मिनिटाला 25 मीटर धरा. 4.5 च्या ड्रिलला येतात 1770 फेरे, 20 मिमीच्या पायरीला 400, आणि 114 च्या होल सॉला फक्त 70. तुमची भिंतीची मशीन एकाच गिअरची असणार, पूर्ण दाबली की अडीच-तीन हजार फेरे. ट्रिगर अर्धवट दाबून ती 70 वर चालवता येईल, पण मोटर थंड ठेवणारा पंखा त्याच शाफ्टवर असतो. शाफ्ट हळू फिरला की तोही हळू फिरतो आणि मोटर तापते. जोरही लागत नाही. स्क्रूची भोकं या मशीनने खुशाल पाडा, फक्त हातोड्याच्या चिन्हावरचा खटका ड्रिलच्या चिन्हावर आणा. विसरलात तर पत्र्यावर ठोके बसून बिट नाचतं आणि रंग सोलवटून निघतो.

नवीन घ्यायचीच असेल तर 12 व्होल्टची, दोन गिअरची कॉर्डलेस घ्या. पहिल्या गिअरला 400 च्या आसपास फेरे मिळतात, स्टेप ड्रिलला नेमके तेवढेच हवेत. आणि क्लच असतो (ठरावीक जोरानंतर पिळणं थांबवणारा), त्यामुळे पुढे मदरबोर्डचे स्क्रू कसतानाही उपयोगी पडते. रोटरी टूल माझ्याकडे आहे, पण ते कडा साफ करायला. त्याची छोटी चकती पत्रा कापते खरी, पण झिजून लवकर लहान होते आणि वाकडी धरली की तुटून उडते. 114 चा गोल तिने सफाईदार येत नाही. ग्राइंडरचा या कामाशी संबंध नाही.

मोठ्या गोलासाठी मी बाय-मेटल होल सॉ वापरते. पत्र्याच्या खाली प्लाय आणि वरही 6 मिमी प्लाय, सी-क्लॅम्पने घट्ट. वरचा प्लाय सॉला वाट दाखवतो, पत्रा थरथरत नाही. पहिला गिअर, दोन्ही हात.

आखणीला वेळ द्या, अर्धं काम तिथेच होतं. पत्र्यावर मास्किंग टेप लावा, त्यावर पेन्सिलीने आखा. 120 च्या पंख्याच्या स्क्रूची मधोमध अंतरं 105 मिमी, चौरस. दोन पंखे चिकटून लावले तर एकाच्या शेवटच्या आणि दुसऱ्याच्या पहिल्या भोकात 15 मिमी. आखून झालं की दोन्ही कर्ण मोजा, 148.5 यायला हवेत. कर्ण सारखे नसतील तर चौरस तिरका आहे, पुसा आणि पुन्हा आखा. मग सेंटर पंच, म्हणजे भोकाच्या मध्यावर खूण ठोकायचा टोकदार खिळा. पत्र्याच्या मागे लाकडाचा ठोकळा धरा, नाहीतर पंचाच्या घावाने पत्राच खोलगट होतो. घाव हलका, पण खूण अशी हवी की ड्रिलचं टोक त्यात बसलेलं हाताला कळलं पाहिजे. आणि पंचाला हात लावायच्या आधी 25 मिमी जाडीचा पुठ्ठ्याचा पंखा करून आत धरून बघा. वर रॅम आणि 8 पिनच्या केबलला जागा उरते का, ते आत्ताच कळलेलं बरं.

रिव्हेट काढायला 4 मिमीचं ड्रिल मधल्या खळगीत धरा, फक्त डोकं उडवायचं. रिव्हेट जागच्या जागी फिरायला लागला तर डोक्याच्या कडेला जुना स्क्रूड्रायव्हर रेटून धरा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आतलं सगळं बाहेर काढा. सगळं म्हणजे एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) सुद्धा. पहिल्या वेळी मी एसएमपीएस आतच ठेवला होता, जाळीवर कापड टाकून. कीस कापडाखालून गेला. दुसऱ्या दिवशी बटण दाबल्यावर फटकन आवाज आला आणि घराची एमसीबी पडली. बोर्ड वाचला, एसएमपीएस गेला. आता मी चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळ्या कोपऱ्यांतून फिरवते आणि मग पिशवी उलटी करते, कीस आत राहतो, चुंबक स्वच्छ. त्यानंतर रिकामं कॅबिनेट नळाखाली धुऊन उन्हात वाळवते. नागपूरच्या उन्हात तासाभराचं काम.

ड्रिल चालवताना कापडी हातमोजे अजिबात नकोत, फिरता बिट त्यांना ओढून घेतो. गॉगल हवाच. कापलेला पत्रा उचलताना मात्र चामडी मोजे घाला.

सातारा_सुतारकाम

बाकी सगळं मान्य, पण 114 च्या होल सॉबद्दल ताईंशी सहमत नाही. टूलरूमच्या हाताला ते जमतं. घरी पहिल्यांदा करणाऱ्याला मी तो देणार नाही. गोल शेवटाला आला की एका बाजूचा पत्रा आधी सुटतो, दुसऱ्या बाजूला दात अडकतात आणि मशीन उलटी पिळते. माझं मनगट तीन आठवडे पट्टीत होतं. शिवाय दोन गोलांसाठी एवढ्या मोठ्या सॉचे आणि अर्बरचे (सॉ चकात धरायच्या दांड्याचे) पैसे घालायचे, नंतर तो पडून राहतो.

जिगसॉ (वरखाली चालणाऱ्या पात्याची करवत मशीन) वापरा. ओळखीच्या सुताराकडून एक दिवसासाठी मिळतो. फक्त पातं स्वतःचं घ्या, बारीक दातांचं, पातळ पत्र्याचं. बॉशचं टी118जी हे 0.5 ते 1.5 मिमीच्या पत्र्यासाठीच आहे. टी118ए घेऊ नका, ते 1 ते 3 मिमीसाठी, 0.7 ला त्याचे दात मोठे पडतात आणि पत्रा फडफडतो. गोलाच्या आतल्या बाजूला स्टेप ड्रिलने 12 चं भोक पाडा, पातं त्यातून घाला. पेंड्युलमचा (पातं पुढेमागे झुलवणारा) खटका शून्यावर. जिगसॉच्या बुडाला टेप चिकटवा म्हणजे रंगावर ओरखडे येत नाहीत. रेषेच्या आत एक मिमी ठेवून कापा आणि उरलेलं अर्धगोल कानशीने घ्या. 114 चा गोल मोठा असतो, पातं आरामात वळतं.

म्हापसेकर

ड्रिलबद्दल वर सगळं आलंय, मी कापल्यानंतरचं सांगतो, कारण आमच्याकडे दमट हवेत खरा प्रश्न तिथून सुरू होतो. कॅबिनेटच्या पत्र्याला जस्ताचा थर असतो, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. भोक पाडलं की त्या कडेला उघडं लोखंड. मी 2019 च्या मे महिन्यात पुढच्या बाजूला 140 चा पंखा बसवला, कडा तशाच सोडल्या. ऑगस्टमध्ये जाळी काढली तर पूर्ण गोलाला तांबूस गंज, आणि पंख्याच्या चौकटीवर त्याचे ओघळ.

नागपूरची हवा कोरडी, पण तुमचा कूलर सुरू असतो ना, मग हे कराच. कडेला आधी 400 नंबरचा पॉलिशपेपर, मग झिंक प्रायमरचे दोन हात बारीक ब्रशने, मधे पूर्ण वाळू द्यायचं. केबलच्या भोकांना रबराची यू-बीडिंग लावा. गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात दाराच्या कडेला लावायला मीटरवर मिळते. बीडिंगमुळे भोक दोन-तीन मिमीने लहान होतं, तेवढं माप आधीच वाढवून घ्या.

नागपूर_एडिट

तिघांचेही मनापासून आभार. गुण्याताई, तुमचं उत्तर मी प्रिंट काढून टेबलाला चिकटवलंय.

घेतलं ते असं: 12 व्होल्टची दोन गिअरची कॉर्डलेस, 4 ते 32 चा स्टेप ड्रिल, 4 आणि 4.5 चे दोन-दोन एचएसएस, सेंटर पंच, अर्धगोल कानस. जिगसॉ आमच्या गल्लीतल्या फर्निचरवाल्या काकांनी दिला, पातं मी आणलं. नखाची परीक्षा दुकानात केली. पहिल्या दोन बिटवर नख नुसतं घसरलं. तिसऱ्याने पापुद्रा काढला, तोच घेतला.

पिंजरा निघाला. ट्रेची दोन्ही भोकं झाली, आवाज मऊ होतो ते अगदी तसंच ऐकू आलं. पण वरच्या पत्र्यावर अडकलोय. पहिल्या पंख्याची चारही भोकं बसली. दुसऱ्याचं एक भोक दीड मिमीने बाहेर गेलं. पंच मारताना ठोकळा सरकला आणि माझ्या लक्षात आलं नाही. तीन स्क्रू लागतात, चौथा शिरत नाही. त्या जागी 6 मिमीचं मोठं भोक पाडून टाकू का? मोठे गोल अजून कापलेले नाहीत.

गुण्या

मोठं करू नका. 6 चं भोक केलंत तर स्क्रूचं डोकं त्यातून आत खचेल आणि पंखा त्या कोपऱ्यात सैल राहून घरघरेल.

बारीक गोल कानस घ्या, 4 मिमीपेक्षा बारीक. पंखा जागेवर धरून तीन स्क्रू हाताने अर्धे बसवा, चौथ्या भोकातून टोकदार पेन्सिल घालून पंख्याच्या भोकाची खूण पत्र्यावर करून घ्या. पंखा काढा. आता फक्त त्याच दिशेने कानस चालवा, पुढे रेटताना दाब, मागे येताना उचलून. दर दहा-बारा घासांनी पंखा लावून बघा. भोक थोडं लांबट होईल, स्क्रूच्या डोक्याखाली झाकलं जाईल. तरी उघडं दिसलं तर डोक्याखाली 4 मिमीचा वॉशर टाका.

मोठ्या गोलाबद्दल सातारकरांचं ऐका. मी माझ्या हाताच्या हिशेबाने लिहिलं होतं. तुमच्यासाठी जिगसॉच बरोबर आहे. फक्त खालचा प्लाय सोडू नका, आणि दोन गोलांच्या मधे जी पत्र्याची पट्टी उरते ती सहाच मिमीची आहे, तिच्याजवळ जिगसॉ सगळ्यात हळू. तिथे पत्रा वाकला तर पुन्हा सरळ होत नाही.

नागपूर_एडिट

झालं! कानशीने वीस मिनिटं गेली, पण चौथा स्क्रू बसला. गोल कापताना पट्टीजवळ जिगसॉ बंद केला आणि शेवटचा दोन बोटांचा भाग पाच रुपयांच्या हॅक्सॉ पात्याने हाताने कापला, पात्याला कापड गुंडाळून. पट्टी सरळ राहिली.

कॅबिनेट अंगणात धुतलं. चुंबकाच्या पिशवीत चमचाभर कीस निघाला, त्यातला बराचसा एसएमपीएसच्या जागेखालच्या घडीत लपलेला होता. तो तिथे असेल असं मला वाटलंही नव्हतं. प्रायमर रात्रभर वाळवला.

आज दुपारी खोली 35 वर असताना पूर्ण लग्नाचा रेंडर लावला. प्रोसेसर 82 वर जाऊन थांबला, वेग एकदाही उतरला नाही. वरून येणाऱ्या हवेवर हात धरला तर चांगलीच गरम लागते. म्हापसेकर, यू-बीडिंग इथे दोन जाडीत मिळतेय, 1 मिमी आणि 2 मिमी पत्र्याची. 0.7 ला 1 ची सैल पडणार नाही ना?

म्हापसेकर

1 ची घ्या. लावायच्या आधी खाचेत रबर सोल्यूशनचा बारीक थर द्या, सायकलच्या पंक्चरवाल्याकडचं चालतं. जोड भोकाच्या खालच्या बाजूला आणा, केबलचं वजन त्यावर बसून तो उघडत नाही.